बदलून आणलेलं लुगडं

दवाखान्यातल्या गमती लिहून द्या, असं मला दिवाळी अंकाच्या मंडळींनी सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. छातीला चोळायचं औषध पिऊन टाकणारे आजोबा होते, दात काढायला येऊन खुर्चीवरून उठून पळालेला पैलवान होता. पण यंदा मला गमती सुचत नाहीत. गेल्या महिन्यात कशेळ्याच्या बाजारात एक बाई भेटली आणि सहज बोलावं तसं एक वाक्य बोलून गेली. तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे. तिला मी तिथं उत्तर दिलं नाही, ते इथं देते. तिला स्वतःला वाचता येत नाही, पण मुलं शिकलेली आहेत. कुणीतरी वाचून दाखवेल.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या मधलं गाव. नाव लिहीत नाही, कारण त्या वेळची काही माणसं अजून आहेत आणि मला भांडणाला वेळ नाही. गोष्ट दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं तेव्हाची. दवाखाना म्हणजे तीन कौलारू खोल्या. एकीत डॉक्टर, दुसरीत कंपाउंडर, तिसरीत पडदा लावून मी. लोक घरून रिकामी बाटली घेऊन येत. कंपाउंडर तीत औषध भरी आणि बाहेरून कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. बाळंतपणं, पोरांचे जंत आणि बायकांचं जे काही असेल ते सगळं माझ्याकडे.

माझ्याकडे आणखी एक वस्तू असे, ॲमोनियाची बाटली. झटका येऊन पडलेली बाई आणली की डॉक्टर आतून म्हणत, "बाई, हुंगवा." मी बूच काढून तिच्या नाकाशी धरायची. ती ठसकली, डोळ्यांतून पाणी काढून उठून बसली की डॉक्टर रजिस्टरात लिहीत, हिस्टेरिया. झालं निदान.

एकदा रिकामपणी मी ते रजिस्टर मागे मागे चाळत गेले. झटका येऊन पडलेला पुरुष असेल तर त्याच्यापुढे फेफरे. बाई असेल तर हिस्टेरिया. पानामागून पान तेच. चार वर्षांत या मुलखात एकाही बाईला फेफरं आलं नव्हतं, आणि एकाही पुरुषाला हिस्टेरिया झाला नव्हता. मी डॉक्टरांना विचारलं, असं कसं हो? ते हसले. वाईट माणूस नव्हता तो. पटकीच्या साथीत गुडघाभर चिखल तुडवत वाड्यावाड्यांवर जाताना मी पाहिलं आहे त्यांना. पण पुस्तकात छापलेलं म्हणजे ब्रह्मवाक्य.

"अहो बाई, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच गर्भाशय. पुरुषाला होईल कसा?"

मग त्यांनी मला त्या रोगाची पोथी ऐकवली. फार जुन्या काळी तिकडच्या वैद्यांचं म्हणणं असं की, बाईचं गर्भाशय जागा सोडून शरीरभर हिंडतं, वर चढून गळा आवळतं आणि बाई पडते. म्हणून नाकाशी घाण वास धरायचा, म्हणजे ते खाली पळतं. पुढे गर्भाशय हिंडत नाही हे कळलं, पण घाण वासाचं औषध तसंच राहिलं. ॲमोनिया त्यातलाच. आमच्या कपाटात हिंगाचं एक मिक्श्चर होतं, तेही त्यातलंच.

माझं टाळकंच सरकलं. गर्भाशय म्हणजे काय शेळी आहे, गावभर हिंडायला आणि हाड् म्हटलं की पळायला? आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाई पडली की नाकाशी कांदा नाही तर पायातली वहाण धरतात, त्यांना डॉक्टर अडाणी म्हणत. आणि यांची बाटली म्हणजे शास्त्र. दोघांची शाळा एकच, यांच्या शाळेला काचेचं बूच होतं एवढंच.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. फेफऱ्याचा माणूस कुठेही पडतो, विस्तवात, पाण्यात, दगडावर. डोळे उघडे आणि फिरलेले असतात. जिभेची कड दाताखाली सापडते. कपड्यात लघवी होते. मग घोरत झोपतो, उठल्यावर डोकं ठणकतं आणि झालेलं काही आठवत नाही. दुसऱ्या तऱ्हेच्या झटक्यात डोळे गच्च मिटलेले असतात, झटका लांबतो, चढतो, उतरतो, आणि शेवटी बहुधा रडू येतं. तेही ढोंग नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवते. दोन्ही तऱ्हा बाईला होतात आणि दोन्ही पुरुषाला होतात. पण डॉक्टरांनी झटका येताना रोगी पाहिलेला नसतो. त्यांच्यापुढे येतो तो झटका संपलेला माणूस. मग ठरवायचं कशावरून? जिभेवरून आणि कपड्यांवरून.

आणि इथंच आमच्या भागातल्या बायकांची एक रीत आड यायची. परक्या पुरुषापुढे, तोही डॉक्टर, बाईला घाणेरड्या लुगड्यात कशी न्यायची? बैलगाडी जुंपेपर्यंत घरातल्या बायका तिला धुऊन पुसून, घडीचं लुगडं नेसवून, कपाळाला कुंकू लावून तयार करायच्या. आपल्या बाईची लाज राखायच्या बिचाऱ्या. पण जे डॉक्टरला दिसायला हवं, नेमकं तेच घरी दोरीवर वाळत पडायचं. पुरुषाचे कपडे कोण बदलतो? तो ओल्या धोतरानिशी यायचा आणि त्याचं निदान बरोबर व्हायचं.

हिरी आली ती शिमगा होऊन आठ दिवस झाले होते तेव्हा. कुंभिवलीच्या अलीकडच्या एका वाडीतली, एकोणीस-वीस वर्षांची. नवरा पांडू रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. दोन महिन्यांपूर्वीच ती माझ्या हातून बाळंत झाली होती, पहिली मुलगी. नाव शेवंती. बरोबर सासू, ठमाबाई. लुगडं असं करकरीत की घड्या दिसत होत्या, आणि केसांत मात्र पेंढा. गाडीतून उतरल्या उतरल्या हिरी पहिलं काय बोलली, तर "पोर कुणाकडं हाय?"

पडद्याआड नेऊन मी तिला तोंड उघडायला लावलं. जिभेची डावी कड ठेचलेली होती. मी हळूच विचारलं, लुगडं बदललं का? तिनं माझे हात धरले.

"बाई, तुमच्या पाया पडते, डाक्तरला लुगड्याचं बोलू नका. फेफरं बोलतील. मला म्हायेरी धाडतील. पोरीला ठेवून घेतील वो."

खरंच होतं ते. अंगात आलं, लागीर झालं, तर भगत आणतात आणि बाई घरात राहते. फेफरं म्हटलं की संपलं. खानदानाला डाग, पुढं पोरांना होईल, तिला घालवा, दुसरी करा. सवत आणायला तेव्हा पंधरा दिवस पुरत. माहेरी हिरीला आई नव्हती, एक भाऊ होता आणि त्याची बायको दारात उभं करणारी नव्हती.

"येतंय हे कळतं का गं तुला आधी?" मी विचारलं.

"व्हय. तोंडात लोखंड चाटल्यावानी लागतं. मंग डोळ्यांम्होरं काजवं. चार श्वास घेईतो येळ मिळतो. त्येवढ्यात पोर खाली ठेवते."

तेवढ्यात डॉक्टरांनी ठमाबाईला विचारलं, झटका आला तेव्हा काय झालं? ठमाबाई फणकाऱ्यानं म्हणाली, "काय व्हायाचं? पोर कडंवर व्हती. ती आदी नीट खाली ठेवली, गोधडीवर, आन मंग पडली. सारखं तसंच करते. खरं फेफरं आलं आसतं तर पोर टाकली नसती का वो?"

डॉक्टरांनी टेबलावर हात मारला. "पाहा. मूल व्यवस्थित खाली ठेवते आणि मग पडते. आणखी पुरावा कसला हवा?" लिहिलं, हिस्टेरिया.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिची जीभ एकदा पाहा."

"हिस्टेरियाच्या बायकाही चावतात जीभ, दाखवायला. टोकाला."

"टोकाला नाही, कडेला आहे."

"बाई, तुम्ही बाळंतपणं पाहा."

मी गप्प बसले. लुगड्याचं बोलले असते तर त्यांना मानावंच लागलं असतं. पण हिरीनं माझे हात धरले होते, आणि मला वाटलं, हिस्टेरिया तर हिस्टेरिया, पोर तर आईपाशी राहील. मला वाटलं मी तिच्यावर उपकार करते आहे.

मग डॉक्टरांनी घरच्यांसाठी सल्ला दिला. ते पुस्तकी बोलत, म्हणून असले सल्ले मी लोकांना त्यांच्या भाषेत सांगायची. ते म्हणाले, "सहानुभूती दाखवली की हा विकार बळावतो. झटक्याकडे संपूर्ण दुर्लक्ष करावं." आणि मी, हो मीच, ठमाबाईला म्हटलं, "पडली की तिकडं बघू नका. गोळा होऊ नका. आपलं काम करत राहा." ठमाबाईनं मान डोलावली. तिला तेच हवं होतं असं मी नाही म्हणणार. डॉक्टरचा शब्द तिनं पाळला, एवढंच.

त्याच सुमाराला शिवराम आला. ब्रह्मदेशातून परतलेला शिपाई, तिशीचा, अंगानं धिप्पाड. शिळफाट्याच्या बाजूला दगडाच्या खाणीत सुरुंग उडाला, की हा जमिनीवर लोळण घेई. डोळे गच्च मिटलेले, मुठी वळलेल्या, कधी कधी अर्धा अर्धा तास. जीभ शाबूत, धोतर कोरडं. शुद्धीवर आला की गुडघ्यांत डोकं घालून रडायचा. आमच्याच ओसरीवर त्याला एकदा झटका आलेला मी पाहिला. पोथीप्रमाणे शंभर टक्के हिस्टेरिया. पण शिपाईगडी, मिशावाला, छातीला पदकाची फीत. डॉक्टरांनी लिहिलं, फेफरे, आणि ब्रोमाइड दिलं.

ब्रोमाइड हे फेफऱ्याचं तेव्हाचं औषध. लढाई संपली तरी औषधांचे हाल संपले नव्हते. कंपाउंडरकडे शेवटची बरणी उरली होती आणि मागणी करून महिने झाले होते. ती बरणी शिवरामच्या बाटल्यांत गेली. जिला हवी होती तिला हिंगाचं पाणी. मी रोज ते डोळ्यांनी पाहत होते. संताप कुणावर करायचा? डॉक्टरवर केला, पुस्तकावर केला, ठमाबाईवर केला. स्वतःवर करायला मला पुढे वेळ मिळाला.

जेठ संपताना शिवराम तीन भरलेल्या बाटल्या घेऊन माझ्या खोलीत आला. एकीतलंही औषध पट्टीच्या पहिल्या खाचेखाली उतरलेलं नव्हतं.

"बाई, ह्या घ्या. मला येकाच डोसानं दिवसभर गुंगी आली. आन गुण काय नाय. माझं दुखणं बाटलीतलं नाय वो."

"मग कशातलं आहे?"

तो बराच वेळ बोलला. खंदकात दोन दिवस मेलेल्या जोडीदाराशेजारी पडून राहावं लागलं होतं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बापाला वाटे, पोरगा मर्दुमकी करून आला. जाताना म्हणाला, "दुसऱ्या कुना गरजवंताला द्या." पुढे तो सुरुंग उडायच्या वेळेला माझ्या ओसरीवर येऊन बसे. मी बटाटे सोलत असे, तो बोलत असे. वर्षभरात झटके थांबले. त्याला हिस्टेरिया झाला असं मी कधी म्हटलं नाही, कारण त्यानं माझ्यावर विळा उगारला असता. रोग झाल्याची लाज नाही, बायकांचा झाल्याची लाज. असो.

तर तीन बाटल्या माझ्या कपाटात आल्या, आणि मला कळलं की आता सुटका नाही. ब्रोमाइड अंगात साठतं. बाईच्या अंगावर पितं मूल, डोस किती द्यायचा हे डॉक्टरांच्या कागदाशिवाय ठरवणं माझं काम नव्हतं. म्हणजे बोलायला हवं होतं. बोललं की निदान बदलणार, निदान बदललं की कंपाउंडरच्या तोंडून गावभर होणार, आणि हिरीची पोर जाणार. मी ठरवलं, भाताची लावणी उरकली की हिरी पोरीला टोचायला आणणार आहे, तेव्हा तिलाच विचारू. ती हो म्हणाली तर डॉक्टरांच्या पाया पडू, वेगळ्या कागदावर लिहून घेऊ. अक्कल बघा माझी. फेफऱ्याला मी लावणी उरकेपर्यंत थांबायला सांगत होते.

आषाढात पोलीस पाटलाचा माणूस दवाखान्यात आला. हिरी गेली होती.

मी आणि डॉक्टर गाडीनं गेलो. घोटाभर पाण्याचा वाफा. हो, घोटाभरच. बांधावर तिला उताणी ठेवली होती, तोंडात, नाकात चिखल. ठमाबाई धरून आठ बायका लावणी करत होत्या. हिरी पोरीला पाजून बांधावरून येत होती. थांबली, पोर बांधावरच्या घोंगडीवर ठेवली, पाठीवरचं पानांचं इरलं काढून पोरीवर झाकलं, पाऊस होता ना, आणि वाफ्यात पालथी पडली. एकजण म्हणाली, पडली बघ. दुसरी म्हणाली, बगू नको, आपलं काम कर. आठही जणी रोपाची ओळ पुरी करून, पाठ ताठ करायला थांबल्या तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

मी ठमाबाईवर धावून गेले. म्हटलं, "माणूस पाण्यात पालथं पडलंय, उचलावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

ठमाबाई पोरीला छातीशी धरून बसली होती. तिनं मान वर केली.

"तुमीच बोलल्या व्हत्या ना, बगू नका म्हणून."

मी खाली बसले, हिरीचं तोंड पुसलं, दातखीळ सोडवली आणि डॉक्टरांना म्हटलं, आता तरी पाहा. जिभेची कड फाटली होती. डॉक्टर वाकले, त्यांनी पाहिलं, आणि टोपी काढली. परतीच्या वाटेवर मी त्यांना लुगड्याचं सगळं सांगितलं.

"हे मला आधी का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही जीभ का पाहिली नाहीत?"

रजिस्टरात त्यांनी लिहिलं, पाण्यात बुडून मृत्यू. आधीचा हिस्टेरिया तसाच राहिला. लिहिलेलं खोडायचं नाही असा नियम होता. त्यानंतर डॉक्टर प्रत्येक बाईची जीभ पाहू लागले आणि मी डॉक्टरांदेखत मोठ्यानं विचारू लागले, लुगडं बदललं का? बायकांपुढेही फेफरे लिहिलं जाऊ लागलं. त्यांना औषध मिळू लागलं, आणि त्यांतल्या दोघीतिघी माहेरी घालवल्या गेल्या. त्यांच्या सासवांशी मी जाऊन भांडले. एकीला परत घ्यायला लावलं, बाकीच्यांना नाही जमलं. तेव्हा हिरीनं धरलेले हात काही उगाच धरले नव्हते, हेही खरं.

आता सांगतात की डॉक्टरांच्या पुस्तकातून तो हिस्टेरिया शब्दच काढून टाकला आहे. काढला असेल. इतकी वर्षं त्या शब्दानं जे केलं ते कुठल्या पुस्तकातून काढणार आहेत, हे मला कुणीतरी सांगावं.

आणि आता कशेळ्याच्या बाजारातलं. सुकी मासळी विकायला बसलेली बाई मला म्हणाली, "तुमी नर्सबाई ना? आजी तुमचं नाव काढायची. मी शेवंती. तुमच्याच हातची." मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. आईविना कशी वाढलीस गं, असं काहीतरी बोलले. ती हसून म्हणाली, "आय काय वो, ढोंग करता करता मेली. घरात सगळी तसंच सांगतात. पोर ठेवून मंग पडायची म्हणं." मागून गिऱ्हाईक आलं आणि ती वजन करायला वळली.

शेवंते, तुझी आई ढोंग करत नव्हती. तिला फेफरं होतं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. तिचं औषध माझ्या कपाटात होतं. तुझ्या आजीनं तिला उचललं नाही, कारण मी तिला तसं सांगितलं होतं. तिला दोष देऊ नकोस.

झटका येण्याआधी तिला चार श्वासांचा वेळ मिळायचा. तेवढ्यात खाली बसता येतं, कुणाला हाक मारता येते, पाण्यापासून लांब सरकता येतं. त्या दिवशीही तिला तेवढाच वेळ मिळाला होता. त्यात तिनं तुला घोंगडीवर ठेवलं आणि तुझ्यावर इरलं झाकलं. तेवढ्यात तिचा वेळ संपला.